एक सूर्य, सात चंद्र



प्राथमिक शाळेतील मुलांना 'सूर्य आणि चंद्र यांचे चित्र काढा' असे सांगून पाहा. बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटते. एका कोपऱ्यात पिवळा सूर्य आणि त्याच्याभोवती काड्यांसारखे किरण. दुसऱ्या कोपऱ्यात चंद्राची कोर आणि त्या कोरीच्या पोटात एक चांदणी. चित्र देखणे दिसते. पण मुलांनी ते आकाश पाहून काढलेले नसते. शेजारच्या मुलाची वही, दुकानातील कार्ड किंवा भिंतीवरचे कॅलेंडर पाहून काढलेले असते. 'कोरीचे तोंड कोणत्या बाजूला काढायचे?' असे विचारले, तर मुले म्हणतात, 'कोणत्याही बाजूला काढले तरी चालते!'

खरेच चालते का? या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधणार आहोत. आणि ते सापडल्यावर आपल्या शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांकडून एक मोठे चित्र करून घेणार आहोत. त्या चित्राचे नाव आहे, 'एक सूर्य, सात चंद्र'.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. खूण वेगळी आणि चित्र वेगळे. महाराष्ट्रातील अनेक गावांत जुने वीरगळ आहेत. लढाईत मरण पावलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेल्या दगडाला वीरगळ म्हणतात. त्याच्या वरच्या भागात बहुधा सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. जमीन दान दिल्याची नोंद करणाऱ्या जुन्या शिलालेखांवरही ते दिसतात. तेथे त्यांचा अर्थ असा, की जोवर सूर्य-चंद्र आहेत, तोवर ही कीर्ती किंवा हे दान टिकावे. काही झेंड्यांवर चांद आणि तारा असतो, तीही एक खूणच आहे. खुणेला आकाशाचे नियम लागू पडत नाहीत. ती ओळखता आली म्हणजे झाले. पण 'मी आज संध्याकाळी पाहिलेला चंद्र' असे चित्र काढायचे असेल, तर मात्र आकाशाचा नियम पाळावाच लागतो.

तो नियम अगदी सोपा आहे. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर सूर्याचा प्रकाश पडतो आणि तोच आपल्याला दिसतो. म्हणून चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. सूर्य मावळून दिसेनासा झाला, तरी तो ज्या बाजूला गेला, त्याच बाजूला कोरीची फुगीर कड वळलेली असते. कोरीची दोन टोके सूर्याच्या उलट दिशेला असतात. म्हणजेच चंद्र नीट काढायचा असेल, तर आधी सूर्य कोठे आहे हे माहीत हवे.

तुम्हांला हे नुसते वाचून पटणार नाही. म्हणून एक प्रयोग करा. कोर दिसल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मैदानावर जा. त्या वेळी पश्चिमेकडे सूर्य असतो आणि पूर्वेच्या बाजूला अर्धा चंद्र वर आलेला असतो. अनेकांना वाटते की चंद्र फक्त रात्रीच दिसतो. त्यांना हा दिवसाचा चंद्र अवश्य दाखवा. आता एक लहान पांढरा चेंडू बोटांत धरा. हात चंद्राच्या दिशेने लांब करा, म्हणजे चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल. चेंडूवर ऊन पडले पाहिजे. नीट पाहा. चेंडूचा जेवढा भाग उजळ, तेवढाच चंद्राचा भाग उजळ! चेंडूची सावली ज्या बाजूला, त्याच बाजूला चंद्राची सावली! हातातला चेंडू आणि आकाशातला चंद्र यांच्यावर एकाच दिव्याचा उजेड पडतो आहे, हे मग कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

या प्रयोगाने एक गैरसमजही दूर होतो. पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्राची कोर होते, असे पुष्कळांना वाटते. पण चेंडूवर पृथ्वीची सावली कोठे पडली होती? चेंडूचा काळोखा भाग ही त्याची स्वतःचीच पाठ होती. तिच्यावर ऊन पोचत नव्हते. चंद्राचेही तसेच आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात, आणि चंद्रग्रहण फक्त पौर्णिमेलाच होऊ शकते.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचे हे नाते विद्वानांनी फार पूर्वीच आकृती काढून समजावले होते. अल्बेरुनी हे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्याचा जन्म इ. स. 973 मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. त्याने संस्कृत भाषा शिकून घेतली आणि हिंदुस्थानविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या खगोलशास्त्रावरील लेखनाच्या हस्तलिखितात चंद्रकलांची एक आकृती आहे. तिच्यात एका बाजूला सूर्य आहे आणि पृथ्वीभोवती चंद्राच्या निरनिराळ्या जागा दाखवल्या आहेत. आज आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात चंद्रकलांची जी आकृती असते, ती याच प्रकारची असते.

पुढे इटलीत गॅलिलिओ होऊन गेला. इ. स. 1609 च्या अखेरीस त्याने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि जलरंगांनी त्याची चित्रे काढली. 1610 मध्ये त्याने आपले निष्कर्ष छापून प्रसिद्ध केले. उजळ भाग आणि काळोखा भाग यांच्यामधली रेषा सरळ नाही, ती वेडीवाकडी आहे, असे त्याला दिसले. काळोख्या भागातही काही ठिपके चमकत होते. गॅलिलिओला चित्रकला येत होती. उजेड कोणीकडून येतो आणि सावली कोणीकडे पडते, हे पाहण्याची त्याच्या डोळ्यांना सवय होती. म्हणून त्याने ओळखले, की हे चमकणारे ठिपके म्हणजे डोंगरांची शिखरे आहेत. सकाळचे ऊन जसे आधी डोंगरमाथ्यावर पडते आणि नंतर खाली उतरते, तसेच तेथेही घडते. चित्रकलेचा तास विज्ञानालाही कसा उपयोगी पडतो, ते यावरून कळते.

आता सूर्य आणि चंद्र किती मोठे काढायचे ते ठरवू. मुले सूर्य ताटाएवढा काढतात आणि चंद्र वाटीएवढा. खरोखर सूर्य फारच मोठा आहे. त्याचा व्यास सुमारे 13 लाख 92 हजार किलोमीटर आहे. चंद्राचा व्यास सुमारे 3,474 किलोमीटर. म्हणजे सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे 400 पट आहे. पण सूर्य आपल्यापासून दूरही तितकाच आहे. चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटर अंतरावर आहे, तर सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटरवर. हे अंतरही जवळजवळ 400 पटच आहे. त्यामुळे आपल्या डोळ्यांना दोघेही जवळपास सारखेच दिसतात. म्हणूनच अमावास्येला चंद्र बरोबर मध्ये आला, तर तो सूर्याला पुरता झाकू शकतो. चंद्र थोडा दूर असेल, तर सूर्याची कड बाहेर उरते आणि अंगठीसारखे ग्रहण दिसते. 26 डिसेंबर 2019 रोजी केरळ आणि तमिळनाडूमधील काही भागांतून असे कंकणाकृती ग्रहण दिसले. महाराष्ट्रातून त्या दिवशी खंडग्रास ग्रहण दिसले.

तेव्हा आपल्या चित्रात सूर्यासाठी आणि चंद्रासाठी एकच वाटी वापरायची. उगवणारा पूर्ण चंद्र खूप मोठा वाटतो, हे खरे. पण तो डोळ्यांना होणारा भास आहे. हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरा. तो उगवताना आणि डोक्यावर आल्यावर, दोन्ही वेळा करंगळीच्या नखाआड लपतो.

सूर्य पाहण्याविषयी मात्र एक कडक सूचना आहे. सूर्याकडे सरळ कधीही पाहू नका. साधा काळा चष्मा किंवा काजळी धरलेली काच लावूनही पाहू नका. डोळ्यांच्या आतील पडद्याला वेदना कळत नाहीत. तो भाजत असतानाही दुखत नाही, आणि एकदा गेलेली दृष्टी परत मिळेलच असे नाही. लहान मुलांना हे दोन-दोनदा बजावून सांगा. सूर्याचा आकार पाहायचा असेल, तर पाठ सूर्याकडे करा. पुठ्ठ्याला टाचणीने बारीक छिद्र पाडा आणि त्यातून येणारे ऊन एक मीटर अंतरावरच्या पांढऱ्या कागदावर सावलीत पडू द्या. सुमारे 9 मिलिमीटर रुंदीचा एक गोल ठिपका दिसेल. ते सूर्याचे चित्र आहे. झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात, तेही पानांच्या फटींतून पडलेली सूर्याची चित्रेच असतात. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हे कवडसे कोरीसारखे होतात. बसरा येथे जन्मलेल्या इब्न-उल-हैसम या विद्वानाने सुमारे हजार वर्षांपूर्वी लहान छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेचा अभ्यास करून तिच्यावर स्वतंत्र लेखन केले.

चला, आता चित्राला लागू. या चित्रासाठी चौदा दिवस लागतात. घाई करून ते होत नाही.

साहित्य साधेच आहे. गडद निळ्या रंगाचे दोन मोठे कागद, पांढरा जाड कागद, पिवळा घोटीव कागद, डिंक, कात्री, पेन्सिल, रंगपेटी आणि एक वाटी.

निळे दोन कागद शेजारी शेजारी चिकटवा, म्हणजे लांबट आकाश तयार होईल. खालच्या कडेला आपल्या गावाची काळी आकृती काढा. घरे, मशिदीचा मनोरा, देवळाचे शिखर, पाण्याची टाकी, झाडे, जे खरोखर दिसते ते काढा. आपण दक्षिणेकडे तोंड करून उभे आहोत, असे समजा. मग डाव्या हाताला पूर्व आणि उजव्या हाताला पश्चिम येते. कागदाच्या डाव्या आणि उजव्या टोकांवर तशी नावे लिहा. पश्चिमेच्या टोकापासून वर जाऊन पूर्वेच्या टोकाला उतरणारी एक कमान पेन्सिलने काढा. तिचे पंधरा सारखे भाग करा. उजवीकडच्या टोकाशी पिवळ्या कागदाचा सूर्य चिकटवा. तो अर्धा घरांच्या मागे गेलेला असू द्या, कारण आपले चित्र सूर्यास्ताच्या वेळेचे आहे.

पांढऱ्या कागदाचे त्याच वाटीने सात गोल कापा. वर्गाचे सात गट करा आणि प्रत्येक गटाला एक गोल द्या. नवी कोर दिसेल ती पहिली संध्याकाळ. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि चौदावी, अशा संध्याकाळी त्या त्या गटाने सूर्यास्ताच्या वेळी चंद्र पाहायचा. तो आकाशात कोठे आहे, किती उजळ आहे आणि उजळ बाजू कोणीकडे आहे, हे वहीत टिपायचे. ढग आले, तर दुसऱ्या दिवशी पाहायचे आणि वहीत तसे प्रामाणिकपणे लिहायचे.

गोल रंगवताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, कोर काढण्यासाठी गोल कापू नका. मुले कोर कापून घेतात आणि उरलेला कागद टाकून देतात. चंद्र कधी कापला जात नाही. तो रोज पूर्ण गोलच असतो, फक्त त्याचा काही भाग अंधारात असतो. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी नीट पाहिले, तर कोरीच्या कुशीत उरलेला गोल अंधुकसा दिसतो. पृथ्वीवरून परतलेल्या प्रकाशाने तो थोडा उजळलेला असतो. म्हणून तो भाग आकाशापेक्षा किंचित वेगळ्या, राखाडी निळ्या रंगाने रंगवा. आणि तेथे चांदणी काढू नका. चंद्राच्या मागचा तारा चंद्रातून आरपार कसा दिसेल?

दुसरी गोष्ट, कोरीची दोन टोके. भाकरीचा घास तोडावा तशी कोर काढली, तर तिची टोके फार पुढे वळतात. असा आकार ग्रहणात दिसू शकतो, रोजच्या चंद्रात नाही. गोलाचा एक व्यास काढा. कोरीची टोके त्या व्यासाच्या दोन टोकांवरच असतात. आतली रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकवा. सातव्या संध्याकाळी ती जवळजवळ सरळ होते. त्यानंतर ती दुसऱ्या बाजूला फुगते.

तिसरी गोष्ट, उजळ बाजू. सातही चंद्रांची उजळ बाजू कमानीच्या वाटेने सूर्याकडे वळलेली पाहिजे.

ज्या संध्याकाळचा चंद्र असेल, कमानीवरच्या त्या क्रमांकाच्या खुणेवर तो चिकटवा. खुणा पश्चिमेकडून मोजा. चंद्र रोज आपल्या जागेवरून सुमारे 12 अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणून ही जागा साधारण बरोबर येते. पहिली कोर सूर्याजवळ, पश्चिमेला. सातवा चंद्र अर्धा, कमानीच्या माथ्याजवळ. चौदावा चंद्र पूर्ण गोल, पूर्वेला नुकताच उगवलेला. जसजसा तो सूर्यापासून दूर जातो, तसतसा तो आपल्याला अधिक उजळ दिसतो. चित्र पूर्ण झाले की ही गोष्ट चौथीच्या मुलालाही एका नजरेत कळते. ती कोणी पाठ करून घ्यावी लागत नाही.

आता थोडे भाषेविषयी. उर्दूत ज्याला तुम्ही हिलाल म्हणता, त्याला मराठीत चंद्रकोर म्हणतात. चंद्र रोज थोडा थोडा वाढतो, त्याला 'कलेकलेने वाढणे' असे म्हणतात. उर्दूत सुंदर चेहऱ्याला 'चौदहवीं का चाँद' म्हणतात आणि मराठीत 'पौर्णिमेचा चंद्र'. पौर्णिमा ही मराठी महिन्याची पंधरावी तिथी आहे. मग चौदा बरोबर की पंधरा? दोन्ही बरोबर! मराठी महिना अमावास्या संपताच सुरू होतो. हिजरी महिना कोर डोळ्यांना दिसल्यावर सुरू होतो. मोजणीची सुरुवात वेगळी, चंद्र मात्र एकच. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडा अधिक काळ जातो. म्हणूनच हिजरी महिना कधी 29 दिवसांचा असतो, तर कधी 30 दिवसांचा. आणखी एक गंमत पाहा. फार दिवसांनी भेटणाऱ्या मित्राला तुम्ही म्हणता, 'तुम तो ईद का चाँद हो गए!' मराठी माणूस म्हणतो, 'तू तर उंबराचे फूल झालास!' उंबराची फुले फळाच्या आत असतात, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत. ईदचा चंद्र निदान वर्षातून दिसतो तरी!

तो शोधतानाही आपले चित्र उपयोगी पडते. ईदच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर मुलांची गर्दी होते. कोणी पूर्वेकडे बोट दाखवतो, कोणी डोक्यावर पाहतो. ज्याने हे चित्र केले आहे, तो कोठे पाहील? सूर्य जेथे मावळला, त्याच्या थोडे वर. तेही सूर्य पूर्ण बुडाल्यावरच, कारण ही कोर पाऊण तासाच्या आसपास मावळून जाते. तिची फुगीर कड खाली, सूर्याकडे असणार, हेही त्याला आधीच माहीत असते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ही कोर नावेसारखी आडवी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती एका बाजूला कललेली असते. थंड देशांतील पुस्तकांत ती पुष्कळदा उभी दाखवतात. तेथून ती तशीच दिसते. म्हणून दुसऱ्याचे चित्र उतरवून घेतले, तर आपण दुसऱ्याच गावाचे आकाश काढून बसतो.

पौर्णिमेनंतरचे चंद्र या चित्रात नाहीत. ते पाहायला पहाटे उठावे लागते. तेव्हा सूर्य पूर्वेकडून यायचा असतो. म्हणून त्या चंद्रांची उजळ बाजू डावीकडे वळते. फज्रच्या वेळी उठणाऱ्या मुलांनी दुसऱ्या कागदावर 'पहाटेचे सात चंद्र' काढावेत. नियम तोच आहे. फक्त सूर्याची जागा बदलली.

मित्रांनो, हे काम तुम्ही लहान मुलांकडून करून घ्या, पण त्यांचा हात धरून काढू नका. एखाद्या मुलाची कोर उलटी आली, तर ती खोडूही नका. त्याला फक्त एवढेच विचारा, 'तेव्हा सूर्य कोठे होता?' तो आकाशाकडे पाहील, थोडा विचार करील आणि आपली कोर आपल्याच हाताने फिरवील.